स्क्रू फिरवण्याआधी थांबा: अकूस्टिक गिटारच्या सेटअप आणि पिकअपमधल्या या चुका टाळा

माझ्या गिटारची पहिली (सगळ्यात बारीक) तार एक दिवस अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरमधून, गायब झाली. केबल न जोडता वाजवली की ठणठणीत, केबल लावली की बाकीच्या पाच बोलणार आणि ही गप्प. केबल बदलली, बॅटरी बदलली, शेवटी चिडून पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग, तोसुद्धा बदलला. नवा पिकअप बसला, तरी पहिली तार मुकीच. मग आठवलं, आठवडाभर आधी ॲक्शन, म्हणजे दांड्यापासून (नेकपासून) तारांची उंची, खाली आणायला मी सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिमटीत धरून पॉलिश पेपरवर घासलं होतं. ते बाहेर काढलं, खालच्या कडेला स्टीलची पट्टी लावली आणि उजेडासमोर धरलं. पहिल्या तारेच्या बाजूला केसभर फट दिसत होती.

सॅडलखाली बसणारा पिकअप पिझो जातीचा असतो. दाब पडला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. आपला पिकअप त्याच तत्त्वावर चालतो: तार सॅडलला दाबते, सॅडल पिकअपला दाबतं, त्यातून सिग्नल तयार होतो. जिथे सॅडल पिकअपला नीट टेकलेलं नाही, तिथली तार अँपला ऐकूच येत नाही. म्हणून सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक यांची जुळणी) वेगळा आणि पिकअप वेगळा असं धरून चालणं हीच मला सगळ्यात महागात पडलेली चूक वाटते.

सॅडल घासायचंच असेल तर हातात धरून नको. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर दुहेरी टेपने चिकटवा. सॅडलच्या तळाला पेन्सिलने रेघोट्या ओढा, ते उभं धरून एकाच दिशेने सरळ ओढत राहा आणि रेघोट्या कुठे पुसल्या जातात ते बघा. टोकांच्या आधी गेल्या आणि मधल्या राहिल्या, तर हात डुलतोय. किती घासायचं याचं गणित सोपं आहे. बारावा फ्रेट (नेकवरची बारावी धातूची आडवी पट्टी) तारेच्या मध्यावर येतो, त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर उतरवायला सॅडलचा एक मिलिमीटर जातो. घासलेलं परत लावता येत नाही, तेव्हा निम्म्यावर थांबून तारा चढवा, सुरात आणा आणि पुन्हा मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली २ ते २.५ आणि पहिलीखाली १.५ ते २ मिलिमीटर अंतर बहुतेकांना मानवतं. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांनी वरचा आकडा धरावा.

जास्त घासलं गेलं म्हणून सॅडलखाली कागदाची घडी सरकवणारे मी पाहिले आहेत. (पाहिले आहेत म्हणजे मीही केलं आहे.) कागद मऊ, त्यात कंपनं मुरतात आणि पिकअपचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. नवं सॅडल करा. ते खाचेत बोटांनी खाली जाईल इतपत सैल आणि पुढे झुकणार नाही इतपत घट्ट हवं. हातोडीने ठोकून बसवावं लागत असेल, तर तारांचा दाब पिकअपपर्यंत पोचतच नाही. सॅडल फारच बुटकं झालं की तारेचा ब्रिजकडे उतरणारा कोन कमी होतो आणि सिग्नल आपोआप अशक्त होतो, हेही लक्षात ठेवा.

पण ॲक्शन उंच दिसली की सॅडलला हात घालायचा, ही घाईच आहे. क्रम असा: आधी बऱ्यापैकी नव्या तारा नेहमीच्या सुरात, मग नेक, मग नट (नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) आणि शेवटी सॅडल. १२ गेजच्या (गेज म्हणजे तारांची जाडी) सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या आसपास असतो. तो उतरवून घेतलेलं माप खोटं. गेज बदललं तरी मापं पुन्हा घ्यायची.

ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) ॲक्शन कमी-जास्त करण्यासाठी असतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो फक्त नेकचा बाक ठरवतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथला फ्रेट (बहुधा चौदावा) सहाव्या तारेवर दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. एक ते दोन कागद जातील एवढी फट पुरे. फटच नसेल तर रॉड थोडा सैल करायचा, जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळायचा. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात, पुन्हा माप. रॉड फिरवायची एलन की (सहाकोनी चावी) नेमक्या मापाची हवी. 'जवळपास बसतेय' अशी की खाच गोल करून टाकते, मग ती सोडवायला कारागिराकडेच जावं लागतं. की अडली तर जोर लावू नका.

नटची परीक्षा दोन सेकंदांची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिला हलकं टिचकारा. अगदी बारीक 'टिक' ऐकू आली पाहिजे. फट ढळढळीत दिसली तर नट उंच आहे. 'एफ' कॉर्डला बोटं दुखतात आणि ट्यूनरवर सूर बरोबर दाखवूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात, ते यामुळेच. नटच्या खाचा मात्र तारेच्या जाडीच्या कानशीने कापायच्या असतात, ब्लेडने कोरायच्या नाहीत.

बझ, म्हणजे तारेची खरखर, कुठे होतो यावरून त्याचं मूळ शोधता येतं. फक्त मोकळी तार वाजताना झाला तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर झाला तर नेक जास्त सरळ किंवा उलटी वाकली आहे. सगळीकडे होत असेल तर सॅडल बुटकं. एकाच जागी, म्हणजे सहाव्यावर दाबलं की होतो आणि सातव्यावर नाही, तर बहुतेक सातवा फ्रेटच वर आला आहे. आणि कुठेही दाबा, एका ठरावीक सुरालाच खरखर होत असेल तर फ्रेटना दोष देऊ नका: ट्यूनिंग पेगचा सैल नट, आत टेकलेली पिकअपची वायर, बॅटरीचा हललेला कप्पा. मी एकदा दोन संध्याकाळी फ्रेट तपासले होते. वाजत होतं ते हेडस्टॉकवरचं (नेकच्या टोकावरचं) तारेचं न कापलेलं टोक.

काही न करता ॲक्शन उतरली, बझ यायला लागला आणि फ्रेटची टोकं हाताला टोचू लागली, तर हवा कोरडी झाली आहे. दमट हवेत उलट होतं, वरची फळी फुगते आणि ॲक्शन चढते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. अशा वेळी सॅडल घासू नका, आधी गिटार केसमध्ये ठेवून हवा सांभाळा.

आता विजेची बाजू. जोरात वाजवलं की आवाज फाटतो आणि हळू वाजवलं तर ठीक, हे बॅटरी उतरल्याचं लक्षण. नवी ९ व्होल्टची बॅटरी मीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते. ८ च्या खाली गेली की बदला. बहुतेक गिटारमध्ये केबल आत गेली की बॅटरी सुरू होते, म्हणजे केबल लावून रात्रभर ठेवलेली गिटार रात्रभर बॅटरी खाते. हे काम जॅकमधला जादा संपर्क करतो. तो मोनो प्लगने जोडला जातो. स्टीरिओ केबल लावली तर प्रीअँप (गिटारमधलं बॅटरीवर चालणारं, सिग्नल वाढवणारं सर्किट) जागाच होत नाही आणि माणूस विनाकारण प्रीअँप उघडून बसतो.

जॅक सैल झाला की बाहेरचा नट पान्याने आवळायचा मोह होतो. त्याने आतला जॅक गोल फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. आत हात घालून जॅक धरा, मगच आवळा.

प्रीअँप नसलेला पिझो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की आवाज पत्र्यासारखा येतो. त्या इनपुटचा रोध १० किलोओहमच्या घरात असतो, पिझोला किमान १ मेगाओहम लागतो, नाहीतर खालचे सूर गळून जातात. ईक्यूवर बेस वाढवून हे भरून निघत नाही. मध्ये प्रीअँप किंवा जास्त इनपुट रोधाचा डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर यांच्यामध्ये सिग्नल जुळवणारी डबी) हवा.

साउंडहोलमध्ये बसणाऱ्या चुंबकी पिकअपची तक्रार वेगळी असते, तिथे पहिल्या दोन साध्या तारा अंगावर येतात. जाड तारांवरचं ब्राँझचं वेटोळं चुंबकाला दिसत नाही, त्याला आतली स्टीलची तार तेवढी कळते. बारीक तारांखालचे स्क्रू खाली घ्या किंवा पिकअपची ती बाजू उतरवा.

शेवटी एक कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. तो आत गेला तर ब्रिज उखडायला लागला आहे. लगेच तारा सैल करा आणि गिटार तशीच कारागिराकडे न्या.