फ्युएल कंट्रोलर घेताय? थांबा, या चुका आधी टाळा

सायलेन्सर बदलला की आठवड्याभरात कट्ट्यावर कोणीतरी म्हणतंच, "भावा कंट्रोलर टाकून घे, नाहीतर इंजिन लीन चालून बसेल." कंट्रोलर म्हणजे इंजिनला जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, नि लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मलाही म्हणाले होते. फुल सिस्टीम (बेंड पाईपसकट अख्खा सायलेन्सर) बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके वाजायचे, ३००० आरपीएमच्या आसपास गचके बसायचे, मायलेजही पडलेलं, त्यामुळे मी कंट्रोलर कार्टमध्ये टाकूनच ठेवला होता. मग एका जुन्या मिस्त्रीने सकाळी थंड इंजिनला किक मारून लगेच बेंड पाईप हेडला मिळतो तिथे साबणाचं पाणी सोडलं, आणि बुडबुडे! ज्याने सिस्टीम बसवली त्याने जुनं दबलेलं गॅस्केटच परत लावलं होतं. नवीन गॅस्केट शे-दोनशेचं.

तर पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच, बिघाडाला ट्यूनिंग समजणं. माझ्या केसमध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओटू सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसत होता, म्हणून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटे मिश्रण लीन झालंय आणि तो बिचारा पेट्रोल वाढवत बसायचा. त्याच्यावर कंट्रोलर लावला असता तर अजून पेट्रोल ओतलं गेलं असतं नि फट तिथेच राहिली असती. गचक्यांचंही तसंच आहे, अर्ध्या वेळा चेन ढिली असते, नाहीतर थ्रॉटल केबलला खेळ जास्त असतो, एअर फिल्टर चोंदलेला असतो, किंवा वॉशिंगला प्रेशर मारून कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) पाणी गेलेलं असतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी कोड वाचून घ्या, तो दिवा शोभेला नसतो.

आता समजा बाईक ठणठणीत आहे. मग हा कंट्रोलरचा डबा नक्की काय करतो ते बघा, कारण इथे बरेच जण फसतात. बीएस-६ बाईक एकसारख्या स्पीडला चालते तेव्हा ईसीयू ओटू सेन्सर बघून मिश्रण (शुद्ध पेट्रोल असेल तर) साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास ठेवतो, म्हणजे क्लोज्ड लूप. तो सेन्सर नॅरोबँड असतो, ०.४५ व्होल्टच्या वर गेला की रिच (पेट्रोल जास्त), खाली आला की लीन, किती ते त्याला नीट कळत नाही. तुमच्या डब्याने फक्त इंजेक्टरचा पेट्रोल फवारण्याचा वेळ ५ टक्के वाढवला आणि ओटूच्या सिग्नलला हात लावला नाही, तर ईसीयू तेवढंच पेट्रोल परत कापणार. फुल थ्रॉटलला ओपन लूप असतो, म्हणजे ईसीयू ओटूकडे बघत नाही, तिथे फरक पडतो, पण रोज ट्रॅफिकमध्ये फुल थ्रॉटल कोण मारतं? म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, ओटूचं काय करता? उत्तर गोलगोल आलं तर पुढचं दुकान बघा.

ते दोनतीनशेचे 'पॉवर चिप' तर घेऊच नका. आत बहुतेक वेळा एक रेझिस्टर असतो, इंटेक टेम्परेचर सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला हवा थंड आहे असं खोटं सांगणारा.

आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक जास्त दिसतात. पहिला फक्त पेट्रोलचं बघतो, दुसरा इग्निशन टायमिंगही (ठिणगी कधी पडते ते) बदलतो, म्हणून दुसऱ्यात मित्राचा मॅप, म्हणजे त्याचं सेटिंग, टाकायचा मोह टाळा, त्याचा फिल्टर वेगळा, सायलेन्सर वेगळा, आणि टायमिंग चुकलं तर नॉकिंगने (मिश्रण अवेळी भडकून) पिस्टनची वाट लागते. स्टॉक (काहीही न बदललेल्या) बाईकवर पॉवरसाठी घेत असाल तर माझं मत सरळ 'नाही' असंच आहे. खालच्या आरपीएमला सिंगल सिलेंडर थोडी मऊ चालते, हीटही काहींना कमी वाटते, तेवढ्यासाठी पैसे टाकायचे का ते ज्याचं त्याने ठरवावं. ई-२० मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) पडलेलं मायलेज मात्र कुठलाच डबा परत आणणार नाही, इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते.

लावून झाल्यावर अजून रिच, अजून रिच करत बसू नका. जास्तीचं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, न जळलेलं पुढे कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन जळतं, नि कॅट वितळू शकतो. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का बघा, प्लग काढा, काळा काजळीचा असेल तर मागे या. जमलं तर वाइडबँड (मिश्रण नेमकं किती ते सांगणारा सेन्सर) लावून डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर, एक रन घ्या, त्याने जे कळतं ते नुसतं सीटवर बसून कधी कळत नाही.

वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, बसवल्यावर नाही. आणि पोलिसांचं टेन्शन डब्यापेक्षा सायलेन्सरचं जास्त, पुण्यात इंदोरी फटाका म्हणतात त्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर रोलर फिरवलेले आपण सगळ्यांनी बघितलेत, मोटार वाहन कायद्यातल्या आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२) मध्ये पहिल्याच वेळी १०,००० पर्यंत दंड आहे. स्टॉक सायलेन्सर भंगारात देऊ नका. डबा बसवताना वायर कापायला निघालेल्या माणसाच्या हातातून चावी काढून घ्या, चांगल्या किटला बाईकच्या कपलरमध्येच बसणारे कपलर येतात, आणि उद्या काही झालं तर पाच मिनिटांत काढून स्टॉकवर चालवून बघता येतं.