मूल बोलतं, मग मोठे घोळ घालतात: या चुका टाळा

शाळांमध्ये समुपदेशन करताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहते. आपल्यावर झालेला लैंगिक छळ मूल कसंबसं धीर करून सांगतं आणि मोठी माणसं घाईघाईत होतं नव्हतं ते बिघडवून ठेवतात.

मोबाइल ‘साफ’ करणं. ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. आठवीतल्या एका मुलीला इन्स्टाग्रामवर एक ‘दादा’ भेटला. आधी कौतुक, मग फोटोची मागणी, मग ‘अजून पाठव, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.’ तिने आईला सांगितलं. वडिलांनी तिच्या कानाखाली दिली, चॅट उडवलं, अ‍ॅप काढलं आणि विषय संपला म्हणाले. काही दिवसांत त्याच माणसाने तिच्या मैत्रिणीला गाठलं. पोलिसांकडे जायची वेळ आली तेव्हा हातात ना युजरनेम, ना प्रोफाइलची लिंक. आणि मार खाल्लेली मुलगी आता तोंडच उघडेना.

माझी सवय अशी: आधी मुलाला सांगते, ‘तुझी चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस.’ मग युजरनेम, लिंक, तारीख, वेळ कागदावर उतरवते आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट घेते. मुलाचा नग्न फोटो असेल तर त्याची प्रत काढायची नाही, कुणालाही पाठवायचा नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा नाही. तसं करणं स्वतःच गुन्हा ठरू शकतं. फोन आहे तसा पोलिसांच्या हाती द्यायचा. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते. पैसे उकळले असतील तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा. धमकी देणाऱ्याला पैसे देऊन सुटका होत नाही, मागणी वाढते.

शाळेची ‘अंतर्गत चौकशी’. वर्गशिक्षिका विचारतात, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे पदाधिकारी. चौथ्या वेळी सांगताना सात वर्षांच्या मुलाचा एखादा शब्द बदलतो आणि ‘बघा, पोर खोटं बोलतंय’ असं ठरतं. हे ऐकलं की माझा संताप होतो. शहानिशा करणं तपास यंत्रणेचं काम आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापुरात लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यात अशाच दिरंगाईचा रागही होता. मूल बोलतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, पुढे खोदून विचारू नका आणि पोलिसांना कळवा.

बाकीच्या थोडक्यात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका, ते पाळता येत नाही. मुलाचं नाव, शाळा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. माध्यमांतून ओळख उघड करायला पॉक्सोच्या कलम २३ ची मनाई आहे. अनोळखी माणसाचीच भीती घालत बसू नका, बहुतेक वेळा करणारा ओळखीचाच असतो. मुलग्यांना विसरू नका. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारात लावली तर चिठ्ठी टाकणार कोण? आणि वर्षातून एकदा तासभर ‘गुड टच, बॅड टच’ उरकून फोटो काढणं हे तर निव्वळ कागदी काम.

‘पोराला ठाण्यात न्यावं लागेल’ म्हणून तक्रार टाळणारे पालक खूप भेटतात. कायद्यानुसार मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, साध्या वेशातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. तसं होत नसेल तर मागणी करा. कुणाकडे जावं कळत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, ती चोवीस तास चालू असते.