वेदनेचा अभ्यास: विदर्भातल्या गावांतून न्यूरोफार्मकॉलॉजीकडे वळणाऱ्यांसाठी

भिवापूरकडच्या मिरचीच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागांवर, दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग घरी गेल्यावरही लवकर शमत नाही, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. कातडी भाजलेली नसताना मेंदूला भाजल्याची जाणीव का व्हावी, हा प्रश्न मात्र मला बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षी नीट कळला आणि पुढे न्यूरोफार्मकॉलॉजीत, म्हणजे चेतासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांच्या शास्त्रात, माझे सगळे संशोधन त्याच्याच आसपास झाले. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही१ या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, उघडते. हाच रिसेप्टर साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून दोन्हींची वार्ता मेंदूला सारखीच कळते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा रिसेप्टर ओळखला आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे सांगणे असे, की सुरुवातीला एकच संवेदना आणि शक्यतो एकच रिसेप्टर धरावा आणि तो खोलवर समजून घ्यावा. टीआरपीव्ही१ बंद केला की वेदना थांबेल, या आशेने औषध कंपन्यांनी अनेक रेणू तयार केले. परंतु त्यांतल्या काहींमुळे माणसांच्या शरीराचे तापमान वाढले आणि काहींमुळे त्यांना चटका देणारी उष्णता वेळेवर जाणवेनाशी झाली, कारण हा रिसेप्टर शरीराच्या तापमान-नियंत्रणातही भाग घेतो. एका रिसेप्टरचा असा सगळा पसारा ज्याने अभ्यासला, त्याला औषध आणि संवेदना यांचे नाते इतरत्रही ओळखू येते. क्षयरोगावर दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन अंतःकर्णातल्या केसपेशींना, म्हणजे आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशींना, इजा करू शकते, हे मला त्यामुळेच नुसते पाठ करावे लागले नाही.

खरा कस लागतो तो मोजमापात. उंदराची शेपटी उष्ण प्रकाशझोताखाली धरून तो ती किती वेळाने हलवतो हे पाहण्याची चाचणी जगभर वापरली जाते, आणि औषध दिल्यावर हा वेळ वाढला की वेदना कमी झाली असे सहज लिहिले जाते. पण प्राणी केवळ गुंगीत असला, किंवा त्याचे स्नायू सैल पडले असले, तरीही शेपटी उशिरा हलते. म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो का हे वेगळे तपासल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये. शेपटीच्या त्वचेचे तापमान आधीच जास्त असेल, तर ती लवकर हलते. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो आणि वीज गेली की प्राणीगृहाची वातानुकूलन यंत्रणा थांबते, तेव्हा त्या दिवसाच्या नोंदी औषधाबद्दल काहीच सांगत नाहीत. आपल्याकडच्या एम.फार्म. प्रबंधांमध्ये रानातल्या एखाद्या वनस्पतीचा अर्क देऊन वेदनाशमन दाखवण्याची पद्धत आहे. मला ते काम अर्धेच वाटते. नॅलॉक्सोनसारखे ओपिऑइड रिसेप्टर (ज्यांवर मॉर्फिनसारखी वेदनाशामके काम करतात ते) अडवणारे औषध आधी देऊन अर्काचा परिणाम नाहीसा होतो का, एवढे जरी पाहिले तरी तो कोणत्या मार्गाने काम करतो याचा पहिला पुरावा हाती येतो. अर्थात, प्राण्यावरचा कोणताही प्रयोग संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीनंतरच करायचा असतो, आणि कमीत कमी प्राण्यांत उत्तर मिळेल अशी आखणी करणे हा आपल्या कौशल्याचाच भाग आहे.

वाट सांगायची तर, एमएचटी-सीईटीतून बी.फार्म. आणि मग जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन फार्मकॉलॉजीत एम.फार्म. हा आमच्याकडच्या मुलामुलींना जवळचा मार्ग आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मेंदूवर परिणाम करणाऱ्या औषधांचे संशोधन अनेक वर्षे होत आले आहे. बी.एस्सी.वाल्यांनी एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेट या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करावी, आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) व आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) यांच्या प्रवेशप्रक्रिया स्वतः वाचून घ्याव्यात. घरी आई-बाबांना पहिली काळजी पैशांची असते, तेव्हा त्यांना स्पष्ट सांगावे की जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्तीला) ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा, पण पीएच.डी.ला बहुधा पाच-सहा वर्षे लागतात, हेही लपवू नये.

पदवीच्या काळातच विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. त्यात ‘मला मेंदूची आवड आहे’ असे लिहिण्यापेक्षा, कोणती संवेदना, तिचा कोणता रिसेप्टर आणि त्यावर कोणते औषध तुम्हाला तपासून पाहायचे आहे, हे अर्ध्या पानात लिहावे.