थंडीआधी गिझर उघडून साफ कसा करावा

ग्वाल्हेरात दिवाळी झाली की गिझर सुरू होतात आणि बिघडतात ते नेमके जानेवारीत, पारा पाच-सहा अंशांवर असताना. तेव्हा मिस्त्री मिळत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबरातच उरकावं. बोअरचं पाणी असेल तर टाकी दरवर्षी उघडावी. तिघरा धरणाचं नळाचं पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा चालतं. पुढची माहिती 15 ते 25 लिटरच्या, भिंतीवर उभ्या लावलेल्या 2000 वॅटच्या गिझरची आहे.

आधी एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं. पाणी गार होऊ द्या. थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि मग थंड बाजूची लवचिक नळी सोडून खाली बादली ठेवा. उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी आत वरपर्यंत गेलेली असते, त्यामुळे टाकी रिकामी होते ती थंड बाजूनेच. गरम नळ बंद राहिला तर हवा आत जात नाही आणि पाणी अर्ध्यात अडकतं.

खालचं झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या, मग थर्मोस्टॅट सोडवा. फ्लँजचे, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणाऱ्या चकतीचे, नट एकदम न काढता समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करा. आत तळाशी पाणी आणि पांढरा चुरा उरलेला असतोच. त्याच फ्लँजवर कॉइलशेजारी एक राखाडी कांडी दिसेल. तो मॅग्नेशियमचा अॅनोड. टाकीच्या पोलादाऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी टिकते. कांडी निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा आतली तार दिसू लागली असेल तर बदलाच. सर्व्हिसिंगमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. कॉइल जळली तर नवी बसते. टाकीला भोक पडलं तर गिझर भंगारात जातो. महाराज बाड्याच्या बाजारात सामान आणायला जाताना जुना अॅनोड आणि गास्केट (फ्लँजखालची रबरी चकती) सोबत न्या, आटे आणि माप कंपनीगणिक बदलतात.

कॉइलवरचा क्षार सुरीने खरवडू नका, वरचं आवरण चिरतं. अॅनोड काढून ठेवा. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त, विरघळवा आणि फक्त कॉइल त्यात बुडवा. वायरी जोडायची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. फसफस थांबेपर्यंत, साधारण तास-दोन तास ठेवून स्वच्छ धुवा. संडास साफ करायचं अॅसिड अजिबात वापरू नका, ते तांबंच खातं. टाकीतला गाळ हाताने काढून आतून पाणी मारा.

क्षारामुळे वीजबिल वाढतं असं सगळे सांगतात. कॉइल पाण्यातच असल्याने उष्णता शेवटी पाण्यातच जाते. बिलात फार फरक पडत नाही. नुकसान वेगळं होतं: थराखाली कॉइल अतितापते आणि जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर बसला तर थर्मोस्टॅट चुकीच्या तापमानाला वीज तोडतो. गिझरमधून खडखड आवाज येऊ लागला की थर जाड झाला समजा.

कॉइल पुसून कोरडी केल्यावर मल्टीमीटरने दोन टोकांत रोध पाहा. 26 ओहमच्या आसपास हवा. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. एक टोक आणि बाहेरचं आवरण यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. दिसलं तर ती कॉइल परत बसवू नका, शॉक तिथूनच लागतो.

गास्केट नवं घाला, नट पुन्हा समोरासमोरचे आवळा. कॉक उघडा आणि गरम नळातून हवेचे झटके थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. त्याआधी वीज दिली तर कोरडी कॉइल मिनिटांत जाते.

थर्मोस्टॅट 60 अंशांवर पुरे. त्याहून वर क्षार झपाट्याने बसतो. 12 अंशांचं 25 लिटर पाणी तिथवर यायला सुमारे 42 मिनिटं आणि 1.4 युनिट लागतात. पहाटे व्होल्टेज 190 वर उतरलं तर तासभर लागेल, तो गिझरचा दोष नव्हे. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकतं, तेही साहजिक: एवढं पाणी तापून सुमारे 400 मिली फुगतं. तो व्हॉल्व्ह डमी लावून बंद करणारे मिस्त्री असतात, त्यांना तसं करू देऊ नका. गिझर बंद असतानाही ठिबक चालू राहिली तर व्हॉल्व्हची छोटी दांडी दोनदा उचलून कचरा वाहू द्या. तरी थांबली नाही तर व्हॉल्व्ह बदला.