लिस्बनमध्ये राहून काम करण्यापूर्वी: मासिक खर्चाची तयारी

लिस्बनमध्ये राहून परदेशी कंपनीचे काम करायचे ठरले की बहुतेकांची आकडेमोड व्हिसाच्या अटीवरून सुरू होते आणि तिथेच गल्लत होते. रिमोट काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये खुल्या केलेल्या डी-८ व्हिसासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, त्यामुळे ही रक्कम ३,४८० युरो झाली. हा पात्रतेचा आकडा आहे, खर्चाचा नव्हे. एकट्या माणसाने हात राखून खर्च केल्यास महिना याहून बऱ्याच कमी रकमेत निभावतो. मात्र तो निभावेल की नाही, हे कामाचा कायदेशीर प्रकार आणि घरभाडे या दोनच गोष्टी ठरवतात. बाकीच्या बाबी किरकोळ नसल्या तरी दुय्यम आहेत.

त्यामुळे आपण नोकरदार म्हणून जाणार की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून, हे आधी कागदावर निश्चित करून घ्यावे. तिथे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करून सेवा देणाऱ्यांना साधारणपणे उत्पन्नाच्या ७० टक्के रकमेवर २१.४ टक्के, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के, सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागते. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला पहिले १२ महिने सूट असते. म्हणूनच पहिल्या वर्षाचा अनुभव धरून दुसऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक करू नये. भारतीय कंपनीत नोकरी असेल तर भारत आणि पोर्तुगाल यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, हे लक्षात ठेवून आपल्या बाबतीत पीएफ कार्यालयाकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे वर्गणी भारतातच भरली जात असल्याचा दाखला, मिळू शकते का, याची कंपनीकडे चौकशी करावी. बारा महिन्यांच्या काळात १८३ दिवसांहून अधिक मुक्काम झाल्यास पोर्तुगालमध्ये कर-निवासी, म्हणजे करासाठी तिथले रहिवासी, ठरण्याचा प्रश्न येतो, तेव्हा दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएची फी सुरुवातीच्याच खर्चात धरावी.

घराच्या जाहिरातींत टी० म्हणजे एका खोलीचे घर आणि टी१ म्हणजे एक स्वतंत्र शयनगृह असलेले घर. शहराच्या मध्यभागी चांगले टी१ हजार युरोंच्या आत मिळाले तर नशीब समजावे. अनामत आणि आगाऊ भाडे प्रत्येकी दोन महिन्यांचे मागितले जाऊ शकते, त्यामुळे ही रक्कम मासिक खर्चात न मिसळता वेगळी बाजूला ठेवावी. अनेक घरमालक ‘फियादोर’, म्हणजे भाडे थकल्यास ते भरण्याची हमी घेणारा स्थानिक जामीनदार मागतात. नवख्या परदेशी माणसाकडे तो नसतो, आणि मग वाटाघाटी आगाऊ रकमेवर येऊन ठेपतात. भाडेकरार कर विभागाकडे नोंदवून देणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. नोंदणीला नकार देणारे स्वस्त घर शेवटी महागच पडते, कारण निवास परवान्याच्या वेळी पत्त्याचा पुरावा त्याच कागदातून उभा राहतो. अंतराची मात्र फार धास्ती घेऊ नये. महानगर प्रदेशाच्या अठराही पालिकांत मेट्रो, बस, रेल्वे आणि फेरीबोटीला चालणारा नावेगांते पास महिन्याला ४० युरोंना मिळतो, त्यामुळे नदीपलीकडचे आल्मादा किंवा रेल्वेमार्गावरचे आमादोरा यांचाही विचार करावा.

वीजबिलाकडे मराठी माणसाचे लक्ष उशिरा जाते, कारण युरोपातले घर उबदारच असणार असे आपण गृहीत धरतो. लिस्बनमधल्या कित्येक जुन्या घरांत मध्यवर्ती उष्णता व्यवस्था नसते. पावसाळी हिवाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटाच्या मागे बुरशी धरते आणि हीटरबरोबर हवेतील दमटपणा शोषणारे यंत्रही चालवावे लागते. घर पाहताना कपाट थोडे सरकवून मागची भिंत बघायला संकोच करू नये. विजेच्या करारात मंजूर भार किती, हेही विचारावे, कारण ३.४५ केव्हीएच्या जोडणीवर हीटर, गीझर आणि इंडक्शन शेगडी एकदम लावल्यास वीज जाते, आणि भार वाढवला की स्थिर आकार वाढतो. भारतीय वेळेनुसार काम करणाऱ्यांनी दुहेरी दराची चौकशी जरूर करावी: हिवाळ्यात लिस्बन भारताच्या साडेपाच तास मागे असते, म्हणजे आपल्याकडच्या दहाच्या बैठकीला तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि दैनिक दुहेरी दरात रात्री १० ते सकाळी ८ हा काळ स्वस्त असतो. इंटरनेटच्या करारात २४ महिन्यांपर्यंतचे बंधन असू शकते. मुक्काम वर्षाचाच असेल तर थोडा महाग पण बंधनमुक्त पर्याय घ्यावा.

खाण्याचा खर्च हाताबाहेर जात नाही. डाळी, पोहे, मसाले मार्तिम मोनीझ परिसरातल्या दुकानांत मिळतात. उपाहारगृहात न मागता समोर ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह खाल्ल्यास त्यांचे पैसे बिलात लागतात. नको असल्यास हात लावू नये.

शेवटी पैशांच्या वाटा. पगार रुपयांत असेल तर आजच्या दरापेक्षा रुपया थोडा घसरलेला धरून हिशेब करावा, कार्डावरील परकीय चलनाचे शुल्क तपासावे, आणि बँकेचे ओटीपी ज्या भारतीय क्रमांकावर येतात त्याचे रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून एक छोटा व्यवहार करून पाहावा.