ह्यूस्टनच्या मतपत्रिकेवरचे न्यायाधीश कसे निवडायचे

टेक्सासमध्ये न्यायाधीश निवडून येतात, तेही पक्षाच्या नावावर. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश व्हायला एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे हे पचायला मला वेळ लागला. पहिल्या मतदानात गव्हर्नर, सिनेटर पाच मिनिटांत उरकले आणि मग न्यायाधीश सुरू झाले. संपेचनात. ओळखीचं नाव एक नाही, मागे रांग. कानाला बरी वाटली ती नावं दाबली आणि बाहेर पडले. दोन वर्षांनी घरमालकाने डिपॉझिट अडवलं म्हणून कोर्टात गेले, तर समोरच्या खुर्चीत त्यातलंच एक नाव. फोटो आणि पावत्यांची माझी फाइल उघडलीसुद्धा नाही, सात मिनिटांत निकाल. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मत माझंच होतं.

हे सगळं हॅरिस काउंटीपुरतं, म्हणजे ह्यूस्टन ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखी) येतं तिच्यापुरतं. इतर राज्यांत पद्धत वेगळी आहे.

१. नोंदणी

मतदानाच्या किमान ३० दिवस आधी करा. ग्रीन कार्डवर असाल तर कोणी कितीही आग्रहाने फॉर्म पुढे केला तरी सही करू नका, फार महागात पडतं.

२. नमुना मतपत्रिका

काउंटीच्या निवडणूक संकेतस्थळावरून काढा. कागदावर छापून घ्या.

३. आधी कोर्ट, मग माणूस

खरी मेहनत इथे आहे आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

मतपत्रिकेवर लिहिलेलं असतं ‘डिस्ट्रिक्ट जज, २४६ वा ज्युडिशियल डिस्ट्रिक्ट’. बस्स. २४६ वं कोर्ट घटस्फोट आणि मुलांचा ताबा बघतं, ३१३ वं अल्पवयीनांचे खटले, ११ वं दिवाणी दावे, १७४ वं गंभीर गुन्हे. आकड्यावरून यातलं काही कळत नाही. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक पदापुढे एक शब्द लिहिते: संसार, पोरं, पैसा, तुरुंग. एवढ्यानेच निम्मी भीती जाते.

‘काउंटी जज’ या नावाला फसू नका. ते काउंटीच्या कारभाराचे प्रमुख: रस्ते, पूर, बजेट. २०१८ मध्ये त्या पदावर निवडून आलेल्या लीना हिडाल्गो वकीलही नव्हत्या. जेपी, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस, यांनाही वकिलीची पदवी लागत नाही, पण ते खरोखर निकाल देतात. भाडेकरूला बाहेर काढण्याचे दावे, २०,००० डॉलरपर्यंतचे पैशाचे वाद, वाहतुकीचे दंड, सगळं त्यांच्यापुढे. तुमची-माझी गाठ बहुधा याच कोर्टाशी पडते, म्हणून मी मतपत्रिका तळापासून वाचते.

‘कोणीही आला तरी काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांना मी जामिनाचं प्रकरण सांगते. किरकोळ गुन्ह्यात पकडलेला, खिशात पैसे असले तर घरी आणि नसले तर तुरुंगात, अशी इथली रीत होती. २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लागला आणि २०१७ मध्ये न्यायाधीश ली रोझेंथल यांनी ती घटनाबाह्य ठरवली. तरी हे खटले चालवणाऱ्या १६ काउंटी कोर्टांतले बहुतेक न्यायाधीश लढत राहिले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी खुर्च्यांवरची माणसं बदलली आणि २०१९ मध्ये तडजोड झाली.

आता माणूस. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी बाजूला ठेवा. ती कोणी केली हे फिरवणाऱ्यालाही माहीत नसतं. ‘पक्ष बघून शिक्का मारा’ हा सल्ला मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, कुचकामी आहे, कारण तिथे दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे असतात. आणि मतदार कमी येतात, म्हणून तिथल्या मताला वजन जास्त.

ह्यूस्टन बार असोसिएशन वकिलांकडून न्यायाधीशांना गुण घेते. ते जरूर बघा, पण गुण देणारे त्याच कोर्टात हरणारे-जिंकणारे वकील आहेत हे विसरू नका. राज्याच्या न्यायिक आचरण आयोगाने कोणाला जाहीर समज दिली आहे का, तेही पाहा. देणग्यांचे तपशील खुले असतात. ज्या वकिलांचे खटले पुढ्यात येतात त्यांच्याकडून न्यायाधीश देणगी घेतात आणि मर्यादेत ते कायदेशीर आहे. मला आजही ते खटकतं.

उमेदवार भेटलाच तर ‘अमुक खटल्यात काय निकाल द्याल’ विचारू नका, ते त्यांना सांगता येत नाही. ‘या प्रकारचे किती खटले तुम्ही स्वतः चालवलेत?’ हे विचारा. आयुष्यभर घटस्फोट चालवलेला माणूस फौजदारी खुर्चीसाठी उभा असतो, आणि या प्रश्नावर तो हवामानाबद्दल बोलू लागतो.

सगळ्यात चांगली तपासणी फुकट आहे: जेपी कोर्टात तासभर जाऊन मागच्या बाकावर बसा. घर खाली करण्याचे दावे असतील तो दिवस निवडा. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी राहते, घरमालक कंपनीचा माणूस कागद सरकवतो. घर सोडण्याची नोटीस, साधारणपणे किमान तीन दिवसांची, खरंच दिली होती का, हे न्यायाधीश विचारतात की नुसती सही करतात? दहा गुणपत्रिकांपेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळतं.

इतकं करूनही ठरलं नाही तर ती जागा कोरी सोडा. बाकीची मतं बाद होत नाहीत. अंदाजाने दाबू नका, मी दाबून बसले आहे.

४. चिठ्ठी

मतदानाच्या जागेपासून १०० फुटांत फोन वापरता येत नाही. कागद चालतो. नुसती नावं नको, पदं आणि नावं दोन्ही लिहा.

५. मतदान

मुदतपूर्व मतदानात, म्हणजे मुख्य दिवसाच्या आधी जा, काउंटीतलं कुठलंही केंद्र चालतं. एका बटणात सगळा पक्ष निवडायची सोय २०२० पासून गेली, त्यामुळे प्रत्येक जागा वेगळी दाबावी लागते. छापून आलेला कागद यंत्रात सरकवण्याआधी चिठ्ठीशी ताडून बघा, खालून वर. मागच्याने घसा खाकरला तर खाकरू दे.