रानफुलांची घरगुती वाइन

द्राक्षाचं बरं असतं. साखर, आंबटपणा, तुरटपणा सगळं ते सोबत घेऊन येतं. फुलाकडे असतो फक्त वास आणि थोडासा रंग, बाकी सगळं आपण पुरवायचं. फुलांची वाइन पुचाट लागते ती बहुतेक वेळा या पुरवठ्यात कसर राहिल्यामुळे.

आधी फुलाची ओळख पटवा. डँडेलियन (पिवळं रानफूल), एल्डरफ्लॉवर (एल्डर या झाडाचे पांढरे फुलांचे घोस) आणि रानगुलाब ही जुनी, खात्रीची फुलं. कण्हेर, धोतरा, फॉक्सग्लव्ह ही विषारी. शंभर टक्के ओळख पटली नसेल तर ते फूल तोडूच नका, 'बहुतेक तेच असावं' इथे चालत नाही. रस्त्याकडेची आणि फवारणी झालेली फुलंही नकोत. कोरड्या दिवशी, दव सुकल्यावर तोडा आणि त्याच दिवशी वापरा. किडे झटकून काढा, पण धुऊ नका. परागांबरोबर वासही वाहून जातो.

इथे डँडेलियनची कृती देतो. ४.५ लिटर वाइनसाठी: हलक्या हाताने भरलेल्या २ लिटर पाकळ्या, १ किलो साखर, २ मोठी लिंबं, २ संत्री, मूठभर चिरलेले बेदाणे, कपभर कडक कोरा चहा (तुरटपणासाठी), वाइन यीस्टचं एक पाकीट आणि यीस्टचं खाद्य. बेकरीच्या यीस्टनेही काम होतं, पण मग पावाचा वास सहन करायची तयारी ठेवा.

सगळ्यात किचकट काम पाकळ्या सुट्या करण्याचं. फुलाचा हिरवा बुडखा चिमटीत धरायचा, पाकळ्यांचा झुबका पिळून उपटायचा आणि हिरवं टाकून द्यायचं. तासाभरात बोटं पिवळीधमक होतात, मग काळपट, आणि ते डाग साबणाला दाद देत नाहीत. पहिल्या वेळी मी कंटाळून अर्धी फुलं हिरव्या बुडख्यासकट तशीच वापरली होती. ती वाइन काढ्यासारखी कडू झाली आणि वर्षभर ठेवूनही सुधारली नाही. एल्डरफ्लॉवर घेतलंत तर त्याचे देठ काढाच, ते कडूच नाही तर अपायकारकही असतात.

भांडी, चमचे, नळी सगळं निर्जंतुक करून घ्या. पाकळ्या आणि लिंबू-संत्र्याची साल (आतला पांढरा भाग सोडून) बादलीत घालून वर ३.५ लिटर उकळतं पाणी ओता. नाजूक वासाच्या फुलांना मात्र कोमट पाणीच बरं. झाकून २४ तास ठेवा, मग मलमलच्या फडक्यातून गाळून घट्ट पिळा. आता साखर विरघळवा, फळांचा रस, चहा आणि बेदाणे घाला, पाण्याने ४.५ लिटर करा. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणजे ही वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाईल. मिश्रण २५ अंशांपर्यंत निवल्यावरच यीस्ट आणि त्याचं खाद्य घाला, गरम पाण्यात यीस्ट मरतं.

चारपाच दिवस फडक्याने झाकलेल्या बादलीत जोरात फसफसू द्या, रोज एकदा ढवळा. मग पुन्हा गाळून काचेच्या बरणीत भरा आणि एअरलॉक लावा. त्यातून वायू बाहेर पडतो, हवा आत शिरत नाही. हवा शिरली की वाइनचं व्हिनेगर होतं. घट्ट झाकण लावायचा मोह टाळा, वायू कोंडला तर बरणी फुटते. १८ ते २४ अंशांत महिना-दीड महिन्यात बुडबुडे थांबतात आणि तळाशी गाळ बसतो. गाळ न हलवता नळीने वरची वाइन दुसऱ्या बरणीत काढून घ्या, दोनतीन महिन्यांनी पुन्हा तेच.

बाटल्या भरायची घाई नको. बुडबुडे थंडीमुळेही थांबतात, म्हणून हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते दाखवणारं उपकरण) बुडवून बघा. आकडा १.०००च्या खाली असेल आणि आठवड्याभराने तोच मिळाला, तरच बाटल्या भरा. गोड हवी असेल तर साखर पिताना पेल्यात घाला. बाटलीत घातलीत तर उरलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बाटली फुटते.

घरी वाइन करण्याबाबतचे कायदे ठिकाणानुसार बदलतात, तेवढं आधी तपासा.

बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी सहा महिने तरी आडव्या ठेवा. तीन महिन्यांनी एक उघडून बघाल, सगळेच बघतात. तेव्हा ती करकरीत आणि आंबट लागेल. ओतून देऊ नका, बाकीच्या बाटल्यांना हात न लावता आणखी तीन महिने थांबा.